गॅसला वास नसतो

आमचे हे, म्हणजे गंगाधर परुळेकर, परळच्या एका ज्युनियर कॉलेजात एकतीस वर्षं केमिस्ट्री शिकवून रिटायर झाले. वर्ग सुटला, शिकवणं काही सुटलं नाही.

सोमवारी सकाळी मी म्हटलं, "अहो, गॅसचा वास येतोय."

पेपरातून डोकं वर न काढता हे म्हणाले, "चुकतेस नलू. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन असतात. दोन्ही अल्केन. अल्केनच्या या गॅसना रंग नाही, वास नाही. गळती कळावी म्हणून त्यात एक वासाचं द्रव्य मिसळतात. तुला येतोय तो त्याचा वास."

मी तोवर रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडल्या होत्या.

"हा हवेपेक्षा जड असतो," खुर्चीतूनच हे पुढे शिकवत होते, "खाली साचतो." खुर्चीही खालीच होती, पण ते त्यांच्या सिलॅबसमध्ये नसावं.

मी एजन्सीला फोन केला आणि लालबागच्या बाजारात गेले. परत आले तर मेकॅनिक येऊन गेलेला. टेबलावर पावती होती: 'गॅसचा वास नाही. तक्रार बंद.' खाली ह्यांची वळणदार सही.

"त्याने विचारलं, काका, गॅसला वास येतो का," हे म्हणाले. "मी म्हटलं, गॅसला वास नसतोच. त्याने पेटीसुद्धा उघडली नाही. हुशार माणूस. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच कुणाला एका वाक्यात समजलं."