आणखी एकदा, कासिल्दा

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका अंधाऱ्या खोलीत चला. बाहेर माद्रिदमध्ये लख्ख दुपार आहे. आत पडद्यावर परदेशी सिनेमाचा एक छोटासा तुकडा चालू आहे. फितीची दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली, म्हणून तेच दृश्य संपतं आणि लगेच पुन्हा सुरू होतं. एक मुलगा दार ढकलतो. आत दोन पुरुष हातात हात घेऊन बसलेत. मुलगा वळून आईला काहीतरी विचारतो.

त्या मुलाला स्पॅनिशमध्ये आवाज द्यायचा होता अकरा वर्षांच्या कासिल्दाने. मूळ सिनेमात तो विचारतो, ‘यांचं एकमेकांवर प्रेम आहे ना?’ सिनेमे तपासणाऱ्या सरकारी कचेरीने ते खोडून वर लिहिलं होतं, ‘हे दोघे भाऊ आहेत ना?’

हे वाक्य कासिल्दाच्या ओळखीचं होतं. तिचा लेआंद्रोमामा आणि एवारिस्तो एका घरात राहायचे, तेव्हा तिची आई शेजाऱ्यांना हेच सांगायची. तरी तीन आठवड्यांपूर्वी पोलिसांनी एवारिस्तोला नेलंच; त्या काळी तिथे दोन पुरुषांचं प्रेम हा गुन्हा होता. मामा अजून रोज त्याचं ताट मांडायचा. आज तो तिच्या शेजारीच उभा होता. पडद्यावरच्या दोघांपैकी एकाला तो आवाज देत होता.

“हे दोघे भाऊ आहेत ना?” कासिल्दा म्हणाली.

“ओठ जुळत नाहीत,” दिग्दर्शिका एन्ग्रासियाबाई म्हणाल्या. “आणखी एकदा, राणी.”

मागच्या खुर्चीत कचेरीचे साहेब बडीशेपेची गोळी चघळत होते. “घरी सराव नाही झाला वाटतं? तुमच्याकडे तर असे दोन भाऊ होते, काय लेआंद्रो?”

मामाने घसा खाकरला. “बोलून टाक, पोरी,” तो कुजबुजला.

ती पुन्हा बोलली. या वेळी ओठ थोडे जुळले. पण पडद्यावरच्या दोघांचे हात सुटले होते.

तिसऱ्यांदा आणखी जुळले. आता एक माणूस सदऱ्यासकट विरळ झाला होता. त्याच्यातून खुर्चीची पाठ दिसत होती.

“मामा, तो माणूस बघ ना! एवारिस्तोसारखा बसलाय तो.”

मामाने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “कोण एवारिस्तो?” त्याने विचारलं.

तो थट्टा करत नव्हता.

“झालंच आता,” बाई म्हणाल्या. “शेवटचं एकदा, मग जेवायला.”

दार ढकललं गेलं. मुलगा वळला, पण आईकडे नाही. त्याने कासिल्दाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. तिने ओठ घट्ट मिटले आणि मामाचा हात धरला. मुलाचे ओठ आवाजाशिवाय हलत राहिले.

“वाक्य कुठं गेलं?” साहेब ओरडले.

पडद्यावर खुर्चीची पाठ हळूहळू त्या माणसाच्या सदऱ्याआड गेली. मामाची बोटं तिच्या हातावर आवळली गेली.

“ताट...” तो पुटपुटला. “त्याचं ताट मांडून आलोय मी.”

“आणखी एकदा!” साहेबांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली.

दार पुन्हा हललं. कासिल्दाने मामाचा हात सोडला नाही, आणि तोंडही उघडलं नाही.