मार खाणारं जाकीट

मी जाकीट बोलतोय. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल, पण हाणामारीचे सिनेमे पाहत असाल तर मला ऐकलं नक्की असेल.

माझा जन्म एका नायकासाठी झाला. जाड चामडं, दुहेरी शिवण. त्याने एकाच मारामारीत मला घातलं, मी खांद्यावर उसवलो आणि कपड्यांच्या पेटीत जाऊन पडलो. तिथून मला ताईंनी उचललं. ताई सिनेमाला आवाज देतात. गाण्याचा नव्हे, पावलांचा, दारांचा आणि मुख्य म्हणजे माराचा. त्यांनी माझ्या पोटात जुने टॉवेल कोंबले, स्टुलावर बसवलं आणि समोरच्या पडद्याकडे बघत वीस वर्षं मला बडवलं.

रागाने नाही हं. पडद्यावरचा ठोसा गालापासून चार बोटं लांब थांबतो. तो पुरा होतो माझ्यावर. मुठींची लढत असेल तर दोन कोरडे ठोसे. उंच लाथा मारणारा असेल तर आधी हवेत वेताची छडी, मग पट्ट्याचा फटका. एकमेकांना धरून लोळणारे असले की ताई मला नुसत्या गुडघ्याने दाबतात, कारण त्यात मार कमी आणि दम जास्त. बसल्या जागी मी सगळ्या लढाया शिकलो.

ताईंचा धाकटा भाऊ सिनेमात मार खायचं काम करतो. स्टुडिओत आला की मला टपली मारून विचारायचा, "काय भाऊबंद, बरं चाललंय ना?" त्यावर ताई म्हणायच्या की दोघांत जाकीटच गुणी, निदान येता-जाता जेवायला मागत नाही.

मध्यंतरी एक दिग्दर्शक आले. त्यांना सगळं खरं हवं होतं. त्यांच्यासाठी भावाने बरगडीवर खराखुरा ठोसा घेतला होता, ताईंना न सांगता. ते दृश्य पडद्यावर आलं आणि ताईंचा उगारलेला हात तसाच राहिला. पाठच्या भावाला खरंच लागलंय, हे त्यांना कळणार नाही होय?

दिग्दर्शक मात्र नाराज होते. ठोसा खरा असून खोटा दिसत होता. उद्या पुन्हा घेऊ, जरा जोरात, असं ते म्हणाले. कुशीवर हात दाबून उभा असलेला भाऊही मान डोलावत होता. नाही म्हटलं तर ते काम दुसऱ्याला गेलं असतं.

ताईंनी विचारलं, सरावाचं चित्रण आहे का, ठोसा न लागलेलं? ते होतं. त्यांनी दोन्ही लावून पाहिली, पुन्हा पाहिली.

"खऱ्यात तो आधीच अंग आवळतोय, बघा. डोळेही मिटलेत. सरावात मोकळा आहे, म्हणून नंतर कसा कळवळतो."

"पण ताई, ते खोटं आहे ना."

"मला एकदा करून बघू द्या."

पहिल्यांदा सवयीने हात जोरात पडला. दिग्दर्शक हसले, म्हणाले, हे तर फटाके फुटले.  ताईंनी माझ्या पोटातले निम्मे टॉवेल काढले. या वेळी ठोसा बसला तो दबका, हलका, जेमतेम ऐकू येईल असा. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग माईकजवळ तोंड नेऊन ताईंनी अडकलेला श्वास घेतला, अर्धाच.

दिग्दर्शकांचा हात आपसूक स्वतःच्या बरगडीवर गेला. तीनदा पाहून ते म्हणाले, "हेच ठेवू. उद्याचं रद्द."

भाऊ भिंतीला टेकून हळूच खाली बसला. ताईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आधी डॉक्टरकडे जा, शहाण्या. बाकीचं मी घरी बोलते."

निम्मं पोट रिकामं झाल्यापासून मी स्टुलावर जरा लुळा बसतो. बाहीची शिवण ताईंनी दोनदा घातली, तिसऱ्यांदा चामडं दोरा धरेल की नाही, सांगता येत नाही. तोवर सिनेमे काढणाऱ्या तुम्हा मंडळींकडे एकच मागणं. मार खरा वाटायला हवा असेल, तर आधी माझ्याकडे या. मला बरगड्या नाहीत.