पाचवी रेघ

मावशीनं फळ्यावर षटकोन काढला, त्याच्या आत एक बाजू सोडून एक अशा दुहेरी रेघा ओढल्या, आणि वरच्या कोपऱ्यातून बाहेर एक शेपूट काढलं. मग त्याच कोपऱ्यातून दुसरं.

मागच्या भिंतीशी पेपर तपासत बसलेल्या भाचीचा हात थांबला.

कार्बनला हात चार, हे मावशीच्या शिकवणीतलं पहिलं वाक्य. मात्र तो कार्बन इथे कुणी लिहीत नसे, हायड्रोजनही नाही. रेघ वळते किंवा संपते तिथे कार्बन धरायचा, आणि त्याचे जे हात रिकामे उरतील तिथे हायड्रोजन आहेत असं समजायचं. "सगळं लिहीत बसलात तर पेपर संपेपर्यंत म्हातारे व्हाल," असं ती म्हणायची. तिची चित्रं म्हणजे नुसत्या नागमोडी रेघा; परक्या माणसाला वाटावं, पेन चालतंय का ते पाहिलंय.

वरच्या कोपऱ्यातल्या कार्बनला आता षटकोनाच्या तीन रेघा आणि दोन शेपटं मिळून पाच हात झाले होते.

गेल्या वर्षी डॉक्टरांकडून परतताना मावशी बसमध्ये म्हणाली होती, "ज्या दिवशी मी कार्बनला पाचवा हात काढीन, त्या दिवशी मला सांग. मी खडू खाली ठेवीन. मुलांच्या वर्षाशी खेळ नको."

"आणि तू रागावलीस तर?"

"रागावेनच. तरी सांग."

भाचीनं तेव्हा ते हसण्यावारी नेलं होतं. ही खोली गेली तर मावशी सकाळी उठून करणार काय, हा विचारच तिला सहन होत नसे.

मुलं माना खाली घालून उतरवून घेत होती. पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीनं मात्र फळ्याकडे पाहिलं आणि बोटांवर काहीतरी मोजलं. भाची उठली. ऊन येतंय असं पुटपुटत तिनं पडदा ओढला, जाता जाता फडक्यानं दुसरं शेपूट पुसलं आणि शेजारच्या कोपऱ्यावर काढलं.

मुलं गेल्यावर मावशी मोरीत हात धूत होती.

"मघाशी काय पुसलंस?"

"रेघ जरा वाकडी आली होती."

"हं," मावशी म्हणाली, आणि नखांतली भुकटी काढत राहिली.

भाचीला स्वतःचाच राग आला. एवढं एक वाक्य बोलायचं होतं, तर जीभ रेटली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मुलं बसली होती, पण फळ्यापाशी कुणी नव्हतं. मावशी मागच्या भिंतीशी, भाचीच्या खुर्चीत, पेपरांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसली होती. खडूचा डबा पुढच्या टेबलावर उघडा ठेवला होता.

"बाई, आज तुम्ही नाही शिकवणार?" चष्मेवालीनं मागे वळून विचारलं.

"आता ही शिकवेल. मी आहे की इथे."

भाचीनं डब्यातला खडू उचलला. षटकोन काढला, दुहेरी रेघा ओढल्या. कुठे चूक नको म्हणून मग तिनं प्रत्येक कोपऱ्यावर कार्बन लिहिला, प्रत्येक कार्बनपाशी हायड्रोजन लिहिला. फळा मुंग्या लागल्यासारखा दिसू लागला.

मागून खुर्ची वाजली. मावशीनं मुलांसारखा हात वर केला होता.

"बाई," ती भाचीला म्हणाली, "इतकं लिहायला नको. आम्हाला कळतं."

मुलं हसली. भाचीनं फडकं घेतलं आणि त्यांच्याकडे पाठ करून एकेक अक्षर पुसायला लागली. त्याला लागायला हवा होता त्यापेक्षा जरा जास्तच वेळ तिनं लावला.