डाव्या भुवईची साक्ष

"तुमी खोटं लिहिलं, साहेब. हे पयले लिही."

दिपालीची बोटं की-बोर्डवर थांबली. "आई, अर्जात असं नाई लिहत. 'सविनय निवेदन है' असं लिहतात."

"पंचवीस वर्षं सविनयच लिहिलं नं आपुन? काय झालं?" कलाबाई प्लास्टिकच्या खुर्चीत पुढे सरकली. "लिही. तुमी खोटं लिहिलं. मानसाचं अर्धं आयकलं, अन बाकीचं आपल्या मनानं लिहून टाकलं."

पांढुर्ण्याच्या बसस्टँडसमोरचं हे ऑनलाइनचं दुकान दिपालीचंच. बाहेर बाकावर तिचे बाबा, नत्थूजी, बसले होते. डावा कान दुकानाकडे करून. उजवा रस्त्याकडे, कारण रस्त्यानं कितीही हॉर्न वाजवले तरी त्या कानाला काही फरक पडत नव्हता.

त्या कानाचीच ही गोष्ट. अपिलाला उत्तर आलं होतं, पुराव्यासाठी तीस दिवस दिले होते, आणि आज सव्विसावा दिवस होता.

नत्थूजी सावरगावचे. जाम नदीच्या अल्याड पांढुर्णा, पल्याड सावरगाव. एकोणनव्वद साली तोफखान्यात भरती झाले. अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरात वरच्या सीमेवर त्यांच्या तोफेशेजारी समोरून आलेला गोळा पडला. दोन पोरं जागीच गेली. नत्थूजींच्या उजव्या कानातून रक्त आलं, त्यांनी कापूस कोंबला आणि चार दिवस तोफ भरत राहिले, कारण भरायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. पाचव्या दिवशी कानातून पू आला तेव्हा खाली पाठवलं. खालच्या डॉक्टरानं कागदावर लिहिलं, कानाचा संसर्ग. गोळा कागदावर आलाच नाही.

दोन वर्षांनी घरी पाठवायच्या आधी मेडिकल बोर्ड बसलं. टेबलामागच्या साहेबानं कपाळाकडे बोट दाखवून विचारलं, ये निशान काहे का है? आणि इथं नत्थूजींनी जी चूक केली, ती पांढुर्णा-सावरगावचा माणूसच करू शकतो. छाती पुढे काढून ते म्हणाले, "गोटमार का है साब. हमारे गाँव का."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि दोन्ही काठांची माणसं कुऱ्हाडीनं ते झाड तोडून झेंडा न्यायला एकमेकांवर गोटे मारतात. त्यात लागलेला मार इथं कोणी मार समजत नाही. चंडीमातेच्या देवळात जायचं, जखमेत भंडारा भरायचा आणि घरी येऊन जेवायला बसायचं. ती खूण जन्मभर मिरवायची. साहेबाला हे काय ठाऊक. त्यानं रजेचा कागद काढला. अठ्ठ्याण्णवच्या पोळ्याला जवान रजेवर घरी होता. झालं. लिहिलं की, बहिरेपण हे रजेवर असताना गावच्या दगडफेकीच्या जत्रेत डोक्याला मार लागल्यामुळे. सैन्यसेवेशी संबंध नाही. खाली लपेटदार सही. अपंगत्वाची पेन्शन त्या सहीबरोबरच संपली.

ती खूण सत्त्याऐंशी सालची होती. भरतीच्या दोन वर्षं आधीची. पण भरतीच्या कागदावर ओळखीच्या खुणा दोनच लिहायच्या असतात, आणि तिथल्या बाबूला मानेवरचा तीळ आणि कोपराचा डाग आधी दिसला.

यंदा पहिल्यांदा वरून सरळ उत्तर आलं. गावची जखम भरतीच्या आधीची असेल, तर ती कधी आणि कुठे झाली याचा पुरावा तीस दिवसांत द्या. दिपालीनं वाचून दाखवलं तेव्हा कलाबाईला वाटलं, दार उघडलं. मग तिनं विचार केला, आणि तिला समजलं की उघडलेल्या दारामागं भिंत आहे. गोटमारीच्या जखमेचा कागद कुठून आणायचा? दवाखान्यात कोणी गेलंच नव्हतं. देवी पावती देत नाही.

एकच साक्षीदार होता. ज्यानं गोटा मारला तो.

कलाबाईचं माहेर मोहगावचं. गोटमार तिला लग्नानंतर कळली, तीही नीट नाहीच. म्हणून तिनं सरळ विचारलं. नत्थूजी तेव्हा नर्सरीत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरत होते. फौजेतून आल्यापासून हेच कलमांचं काम. चाकूनं सालीत उभी चीर, तिच्यात नखाएवढा डोळा, वरून पट्टी. ती त्यांच्या डाव्या अंगाला बसली. लग्नाच्या चौथ्या वर्षापासून ती त्यांच्या डाव्या अंगालाच बसत, चालत आणि झोपत आलेली.

"गोटा कोनं मारला होता तुमाले?"

पट्टीचा वेढा थांबला नाही. "पांढुर्ण्यानं."

"मानसाचं नाव इचारून राहिली मी."

"तिथं नाव नसते."

"तुमाले माहीत हाय."

नत्थूजींनी पट्टीची गाठ मारली आणि पुढच्या खुंटाकडे सरकले. जगातला सगळ्यात सोपा मार्ग होता त्यांच्याकडे, बहिरा कान तिच्याकडे फिरवायचा. तो त्यांनी फिरवला.

मग ती एकटीच हिंडली. सावरगावच्या म्हाताऱ्यांना विचारलं. ते हसले. एकानं शर्ट वर करून स्वतःच्या बरगडीवरची खूण दाखवली आणि म्हणाला, बाई, मी इचारलं का कोनाले? तिला राग आला. नंतर घरी येताना तिला त्या रागाचीच लाज वाटली. ही माणसं गोटे मारतात, डोकी फोडतात, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चहा पितात. एक नाव पोलिसात जात नाही, एक वैर घरात येत नाही. ज्या सरकारपाशी माणसाच्या प्रत्येक हालचालीचा कागद आहे, त्याला हे कोण समजावणार?

बाविसाव्या दिवशी ती यशवंतरावांच्या कापडाच्या दुकानात गेली. कागदपत्रं बांधायला मांजरपाट हवं होतं. जुना बस्ता फाटला होता. यशवंतराव साठी उलटलेले, पांढुर्ण्यातले नावाजलेले माणूस. दर पोळ्याच्या आधी शांतता समितीत कलेक्टरच्या शेजारी बसून, पोरांनो गोटे मारू नका, असं माइकवर सांगणारे. कापड मोजता मोजता त्यांनी विचारलं, वहिनी, बस्ता कशाचा? तिनं सांगितलं. सगळंच सांगून टाकलं. बाविसाव्या दिवशी माणूस कोणालाही सांगतो.

गज कापडावरच राहिला.

"कोनती भुवई म्हनते कागद?" यशवंतरावांनी विचारलं.

"भुवई म्हनतच नाई. डोकं म्हनते."

"डावी." ते खाली बघून बोलले. "डाव्या भुवईच्या वर, केसापाशी. सत्त्याऐंशी साल. तो झाडापाशी पोचला होता, कुऱ्हाड हातात. झेंडा त्याचाच होता. मी मारला."

दुकानात दोन बायका साड्या बघत होत्या, त्यांचे हात थांबले.

"तो पडला नाई, वहिनी. रक्त डोळ्यात आलं, पुसलं, अन परत झाडावर घाव घातला. तवापासून मी गोटमारीत हात उचलला नाई."

कलाबाईला एवढंच सुचलं की या माणसाची इज्जत वाचवावी. म्हणाली, "सौसरला जाऊ भाऊ. तिथं नोटरी हाय, अन तुमाले कोनी वळखत नाई."

यशवंतरावांनी गज उचलला, कापड पूर्ण मोजलं, कात्री लावली.

"गोटा पांढुर्ण्यात मारला, वहिनी. सही सौसरात काहून करू?"

घरी जाताना कलाबाईच्या मनात एकच होतं. सरकारी टेबलांपुढे पंचवीस वर्षं उभी राहिली होती ती. एकानं कधी म्हटलं नव्हतं की, हो, ही चूक माझी.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, कोर्टासमोरच्या नोटरीच्या टपरीत, दहा-बारा ओळखीची तोंडं बघत असताना यशवंतरावांनी शपथपत्रावर सही केली. नत्थूजींना तिनं कारण न सांगता आणलं होतं. त्यांना समजलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. चोरी पकडली गेल्यासारखा.

यशवंतराव त्यांच्याजवळ गेले. उजव्या बाजूनं. हात जोडले आणि हळू आवाजात बरंच काही बोलले. अडतीस वर्षांचं. नत्थूजी समोर रस्त्याकडे बघत उभे होते. त्यातला एक शब्दही त्यांच्यापर्यंत गेला नाही. कलाबाई ओठ उघडून पुढं झाली, आणि थांबली. ते बोलणं दुसऱ्यानं पोचवायचं नव्हतं. तिनं नवऱ्याच्या कोपराला धरलं आणि त्यांना फक्त फिरवलं.

यशवंतरावांचे जोडलेले हात दिसताच नत्थूजी बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात बोलले. सगळ्या टपरीनं ऐकलं.

"मले तवाच दिसला होता हात तुमचा. लाल बाहीचा सदरा होता."

"मंग बोलला काहून नाई कधी?"

"कायले बोलू? ते भांडन नोहतं, यशवंतराव. जत्रा होती. हा मार माया हाय, तो मी राजीखुशीनं खाल्ला." त्यांनी भुवईला हात लावला. मग कानाला. "हा नाई. याच्यासाठी मी कागद लिहून राहिलो. पेन्शन भेटली तं भेटली. पन कान गावात गेला म्हनलं, तं तिथं गोळा पडलाच नाई असं झालं. मंग ते दोन पोरं कायनं गेले? एक माया हातात गेला."

नोटरीचा शिक्का हवेतच राहिला होता. तो त्यानं हळूच टेकवला.

कलाबाई नवऱ्याकडे बघत राहिली. पंचवीस वर्षं तिला वाटत होतं की हा माणूस आपल्या कानासाठी भांडतोय. पोराच्या आजारपणात, घराचं छप्पर उडालं तेव्हा, ती त्याला म्हणाली होती, सोडून द्या तो कान. त्यानं कधी खुलासा केला नाही. एकाचं नाव झाकून धरलं आणि दोघांची नावं उघडी व्हावीत म्हणून अर्ज लिहीत राहिला. हा माणूस रोज तिच्या उजव्या हाताला बसून भाकर खात होता.

"आई?" आज दुकानात दिपालीनं हाक मारली. "झालं का? शपथपत्र जोडलं. भरतीची तपासणी पन जोडली, त्याच्यात दोन्ही कान चांगले लिहून हायेत. आता शेवटी 'आपकी कृपा होगी' टाकून देते."

"कृपा काढ."

दिपालीनं आईकडे पाहिलं. मग बाहेर, बाकावरच्या बाबांकडे. तिन्ही शब्द खोडले.

"तू हिंदी करू नोको आता. मी बोलते तसंच राहू दे. ज्याले समजून घ्यायचं हाय त्याले समजते." कलाबाई उभी राहिली. टेबलापुढे उभं राहून बोलायची तिला सवय होती. "लिही. साहेब, कान गोट्यानं गेला होता, तं भरतीत तुमीच चांगला काहून लिहिला? अन बहिऱ्या मानसाले तोफेपाशी काहून उभं केलं? अन चांगला होता, तं तो कुठं गेला? ते दोन पोरं होते का नोहते? गोळा पडला का नाई पडला?"

बोटं चालत होती. बाहेर इटारसीकडे जाणाऱ्या मालगाडीची शिट्टी झाली. नत्थूजींनी मान वळवली, डाव्या बाजूला, जिथून ती आली नव्हती.

"अन खाली मोठ्या अक्षरात लिही," कलाबाई म्हणाली. "तारीख देऊ नोका. उत्तर द्या."