पुनवेपर्यंतची बोली

उत्तमसिंगाची मोटार आसना नदीच्या चढावर तिसऱ्यांदा बसली, तेव्हा आतल्या चार उतारूंपैकी कुणी एक शब्द बोललं नाही. त्याला तेच जास्त झोंबलं. पहिल्या खेपेला लोक हसले होते, दुसऱ्या खेपेला त्यांनी शिव्या घातल्या होत्या. आता ते मुकाट्यानं खाली उतरले, धोतरं खोचली आणि मागून ढकलायला लागले. ही मोटार म्हणजे ढकलायचीच वस्तू, असं त्यांनी धरूनच टाकलं होतं.

मागून हळदीची पोती भरलेली एक बैलगाडी आली. गाडीवानानं कासरा ओढला, मोटारीकडं पाहिलं, उत्तमसिंगाकडं पाहिलं.

"बांधू का मागं?" त्यानं विचारलं.

"तू जा तुझ्या वाटेनं," उत्तमसिंग म्हणाला.

"मी जाऊनच राहिलो की. तुमीच न्हाई जाऊन राहिले."

उतारू तेवढ्यावर हसले. उत्तमसिंगाच्या अंगाची लाही लाही झाली. त्यानं इंजिनावरचा पत्रा उचलला. तळणातून निघावा तसा धूर त्याच्या तोंडावर आला. पाणी होतं, पेट्रोल होतं, तारा जागच्या जागी होत्या, आणि तरी ही बया जागची हलायला तयार नव्हती. हँडल मारून मारून त्याचा खांदा निखळायची वेळ आली. गाडी जितकी जुनी तितकं हँडल सैल फिरायला हवं. इथं उलटंच, रोज सकाळी ते आदल्या दिवसापेक्षा घट्ट होत चाललं होतं. असं काय म्हणून व्हावं? विचार करून करून त्याचं डोकं फिरायची पाळी आली होती.

दुसरं महायुद्ध लागायच्या आदल्या सालची ही गोष्ट. मुलूख निजामाचा. हट्ट्याच्या शिवाराला लागून उत्तमसिंगाचा बंजारा तांडा होता. एके काळी ह्या तांड्याचे बैल पाठीवर गोण्या घेऊन कुठल्या कुठं जायचे. मग हिंगोलीला रेल्वे आली आणि बैलांच्या पाठी मोकळ्या झाल्या. उत्तमसिंगाचा बाप भीमसिंग तांड्याचा नायक. वय सत्तरीच्या पुढं, पण बैलाची खोड ओळखण्यात त्याचा हात धरणारा चार तालुक्यांत नव्हता. बैल लांबून चालत येताना पाहिला की म्हातारा सांगायचा, हा डाव्या खुरानं आखडणार, हा उन्हात जीभ काढणार. बाजारात लोक त्याला मुद्दाम बोलावून न्यायचे.

उत्तमसिंग मात्र हिंगोलीला एका लॉरीवर तीन वर्षं क्लीनर होता. गाडी चालवायला शिकला आणि तेव्हापासून त्याला एकच ध्यास लागला, की आपली सर्व्हिस मोटार हवी. हट्टा ते वसमत उतारू वाहायचे, लग्नसराईत भाड्यानं जायचं. वसमतचा हळदीचा व्यापारी चाँद पाशा स्वतःची मोटार विकायला काढतोय हे कळल्यावर त्यानं बापाच्या मागं टुमणंच लावलं. चाँद पाशाची नजर कमी झाली होती आणि त्याला आता हळद स्टेशनावर पोचवायला बैल हवे होते. भीमसिंगाच्या दावणीला दोन जोड्या उरल्या होत्या. जुन्या कळपाच्या वंशातल्या शेवटच्या.

म्हाताऱ्यानं आठ दिवस जेवणावर राग काढला. मग एका सकाळी म्हणाला, "दिले. पण सौदा बाजारात होईल, आपल्या रीतीनं होईल."

म्हणून हट्ट्याच्या बाजारात मोटारीचा सौदा बैलाच्या सौद्यासारखा झाला. दलाल लखमानं दोघांच्या हातांवर पंचा टाकला आणि आत बोटं दाबून भाव ठरला. दोन जोड्यांच्या बदल्यात मोटार, आणि वर खोडीची बोली. विकत घेतलेला बैल औतात बसला, मारका निघाला, तर ठरल्या मुदतीत तो परत करता येतो, हीच ती बोली. मुदत पुढच्या पुनवेपर्यंत. गाडीत खोड निघाली तर चाँद पाशानं गाडी घेऊन बैल परत द्यायचे. नाही निघाली तर बैल कायमचे गेले.

पहिले आठ दिवस मोटार अशी पळाली की उत्तमसिंग शीळ घालत घरी यायचा. नवव्या दिवसापासून दशा लागली.

त्यानं काय केलं नाही? वसमतच्या कय्युम मिस्त्रीला दोनदा दाखवली. कय्युमनं प्लग काढून घासले, पेट्रोलची नळी फुंकली, तेलात काडी बुडवून पाहिली. "तेल तर वरच्या खुणेपर्यंत हाये," तो म्हणाला. "जुनी गाडी इतकं कमी तेल खात न्हाई. तब्येत चांगली हाये हिची."

"तब्येत चांगली हाये तर चालत काहून न्हाई?"

"चालंल. धीर धर."

धीर धरायचा म्हणजे किती? पौर्णिमा जवळ येत चालली होती. उत्तमसिंगाला वाटायला लागलं, कय्युम चाँद पाशाच्या ओळखीतला, दोघांचं आतून संगनमत असणार. पुनव टळेपर्यंत वेळ काढायचा आणि मग हात वर करायचे. एकदा हा किडा डोक्यात शिरल्यावर त्याला सगळीकडं तेच दिसायला लागलं. सौद्याच्या वेळी पाशा हसला काहून होता? गाडी देताना तिच्यावरनं हात काहून फिरवला? खोड ठाऊक होती म्हणूनच.

घरी त्याची बायको नीलाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "चाँद पाशा तसा माणूस न्हाई. माझ्या बाळंतपणाला त्याची बायको जाहेदा दोन दिवस इथं बसून होती."

"बाळंतपण निराळं अन् मोटार निराळी."

"माणूस तर तोच हाये."

"तू भाकरी पाहा, करपून राहिली," उत्तमसिंग खेकसला. भाकरी करपत नव्हती.

बाप तेवढा कशात पडत नव्हता. म्हातारा पहाटे उठून गोठ्यात जायचा. बैल गेल्यापासून मोटार गोठ्यातच बांधली जायची. हो, बांधलीच, भीमसिंगानं मागच्या चाकाला दावं घातलं होतं. तो तिच्या पत्र्यावर ओला फडका फिरवायचा, चाकातलं गवत उपसायचा, तिच्याशी काहीबाही बोलायचा. आधी नको म्हणणारा म्हातारा मोटारीला असा लळा लावून बसला होता की बघणाऱ्याला नवल वाटावं. उत्तमसिंगाला ते पाहून आणखीच कसंतरी व्हायचं. बापानं जन्माची कमाई सोडली आपल्या हट्टापायी, आणि आपण त्याच्या दावणीला हे मढं आणून बांधलं.

नदीच्या चढावर फजिती झाली त्याच दिवशी तो वसमतला चाँद पाशाच्या आडतीवर जाऊन उभा राहिला. हळदीचे ढीग, हमाल, पाचपन्नास माणसं.

"चाचा, तुमी आजारी जनावर माझ्या गळ्यात बांधलं," तो सगळ्यांदेखत म्हणाला.

चाँद पाशानं डोळे बारीक करून आधी कोण आहे ते पाहिलं. "बेटा, सात साल वापरली मी ती गाडी. एक दिवस रस्त्यात बसली न्हाई. तू काय करून राहिला तिला?"

"मी चालवून राहिलो. तुमाला ठाऊक होतं ती मरून राहिली. म्हणून काढली तुमी."

हमालांचे हात थांबले. त्या आडतीवर कुणी असं कधी बोललं नव्हतं. चाँद पाशाचा बाप आणि भीमसिंगाचा बाप एका ताटात जेवलेले. म्हाताऱ्या व्यापाऱ्याचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही.

"बोलीवर सौदा झाला हाये. पुनवेला बाजारात बैल घेऊन येतो. कय्युम सगळ्यांसमोर इंजिन खोलंल. खोड निघाली तर बैल तुझे, अन् मला काय म्हणायचं ते म्हण. बराबर?"

"बराबर," उत्तमसिंग म्हणाला. तिथून निघताना त्याला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पौर्णिमेला हट्ट्याचा बाजार नेहमीसारखाच भरला होता, पण अर्धी माणसं जनावरं सोडून मोटारीभोवती जमली. मोटार बाजाराच्या तोंडापर्यंत आपल्या पायानं आली आणि तिथं जी थांबली ती थांबलीच. उरलेली वाट ढकलत आणली. भीमसिंग नवा फेटा बांधून पुढच्या गादीवर बसून आला होता. चाँद पाशानं दोन्ही जोड्या आणून उभ्या केल्या होत्या, शिंगं रंगवलेली, अंगं चकाकणारी. म्हातारा खाली उतरून आधी बैलांकडं गेला. चौघांच्या मानेखाली त्यानं हात घातला. उत्तमसिंगानं मान फिरवली.

कय्युमनं इंजिन खोलायला घेतलं. बराच वेळ तो पान्यांशी झटत होता. मग खालचं झाकण निघालं आणि तो नुसता पाहत राहिला. आत तेल नव्हतं. मधासारखं चिकट, तपकिरी, जागोजाग साय धरलेलं काहीतरी होतं. बोट लावलं तर तार सुटत होती.

"निघाली का खोड?" उत्तमसिंग म्हणाला. "पाहा लखमा, पाहा सगळे. असलं इंजिन दिलं मला."

कय्युमनं बोट नाकाशी नेलं. मग तो हळूच, अगदी जवळच्यांनाच ऐकू जाईल असं बोलला. "हे जवसाचं तेल हाये. गाडीत जवस कोणी घातलं?"

"ज्यानं विकली त्यानं," उत्तमसिंग म्हणणार होता. तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात मागून बापाचा आवाज आला.

"मी पाजलं."

भीमसिंग पुढं आला. कुणीतरी शेवटी विचारलं याचा त्याला आनंदच झाला होता. "गाडी घेतली त्या दिवशी ह्या मिस्त्रीनं वरच्या भोकातून तेल घातलं, ते पाह्यलं मी. काळं, जळकं, वास मारणारं. म्हटलं, हे काय खाणं झालं? लांब पल्ल्यावरून आलेल्या बैलाला आमी जवसाचं तेल पाजायचो, सारा शीण जातो. ही बिचारी रोज वसमतला जाऊन येते. रोज पहाटे पाजत होतो. पोटात मावंना तर खालची चकती फिरवून जुनं काढायचो अन् नवं घालायचो. आजारी पडल्यापासून दुप्पट केलं. म्हणून तर आज बाजारापर्यंत आली."

कय्युमच्या ओठांवर शब्द आले. "नायक, त्या तेलानंच तर..."

चाँद पाशानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कय्युम, झाकण लाव."

उत्तमसिंगाच्या छातीत महिनाभर साठलेला सगळा संताप एकदम वर आला. आता त्या संतापाला धनी मिळाला होता. इतके दिवस त्यानं पेट्रोलला दोष दिला, मिस्त्रीला दिला, बायकोवर खेकसला, एका भल्या माणसाचं नाव भर आडतीवर मातीत घातलं. आणि करणारा घरातच, रोज पहाटे, त्याच्या उशापासून दहा पावलांवर. त्याला ओरडावंसं वाटलं, की बा, काय करून बसला हे. बाप त्याच्याकडं पाहत होता. शाबासकीची वाट पाहत होता म्हातारा.

चाँद पाशाच आधी बोलला, आणि मोठ्यानं बोलला. "नायक, तुमी चांगलंच केलं. इंजिनच माझं कमजोर होतं. खोड माझ्या गाडीत हाये, मी कबूल करतो. लखमा, बैल सोड. ज्याचे त्याला दे."

गर्दीत इंजिनातलं कळणारं कुणी नव्हतं; कुजबूज उठली. चाँद पाशानं बाद मोटार खपवली होती तर. उद्या ही गोष्ट वसमतला पोचणार, परवा हिंगोलीला. चाँद पाशा बारीक डोळ्यांनी जमिनीकडं पाहत उभा होता. उत्तमसिंग महिनाभर हेच एक वाक्य ऐकायला तडफडत होता. आता फक्त मान हलवायची होती. कासरे त्याच्या हातात येणार होते, बाप बैल घेऊन घरी जाणार होता.

"न्हाई चाचा," तो म्हणाला. "गाडीत खोड न्हाई. चूक माझी हाये, मला सांभाळता आली न्हाई. आडतीवर बोललो ते खोटं बोललो. बैल तुमचे."

"विचार कर," लखमा म्हणाला. "मुदत आज संपून राहिली."

"संपू दे."

भीमसिंगाला आधी आपण नीट ऐकलं असं वाटेचना. कळलं तसा तो लालबुंद झाला.

"अरे येड्या, समोरचा आपल्या तोंडानं खोड कबूल करून राहिला अन् तू बैल सोडून देतो? साठ सालं बाजार केला मी, असा व्यवहार कुणाचा पाह्यला न्हाई. माझ्या पोटी कसा आला रे तू? तुला मोटार काय, शेळी बी सांभाळायची अक्कल न्हाई." तो भर बाजारात बोलत होता. लोक आधी गालातल्या गालात हसले, मग मोकळे हसायला लागले.

उत्तर उत्तमसिंगाच्या जिभेवर होतं. दोन शब्दांचं: जवसाचं तेल. महिनाभर त्यानं कुणाचा एक शब्द खाली पडू दिला नव्हता. त्यानं चाँद पाशाकडं एकदा पाहिलं आणि तो मोटारीच्या मागं जाऊन उभा राहिला; चाँद पाशाही येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला. दोघांनी खांदे लावले. कय्युमनं हत्यारं गुंडाळली आणि तोही आला.

म्हातारा पुढच्या गादीवर बसला, चाक धरून, तांड्याच्या दिशेनं तोंड करून. बैल मागं राहिले होते, त्यांच्याकडं त्यानं वळून पाहिलं नाही. वेस ओलांडेपर्यंत त्याचं तोंड चालूच होतं. मग तो जरा शांत झाला आणि पत्र्यावर हात थोपटत म्हणाला, "उत्तम, हिच्यात जीव उरला न्हाई रे. घरी नेल्यावर दोन दिवस तेल वाढवून द्यावं लागंल."

"व्हय बा," उत्तमसिंग म्हणाला आणि ढकलत राहिला.