एकतीस नंबरचं घर

"काकू, स्वानसीला बघण्यासारखं काय काय आहे?" वैदेहीनं फोनवर बोट फिरवत विचारलं.

"स्वॉन्झी," जाईबाई म्हणाल्या. "लिहितात 'सी', पण म्हणायचं 'झी'. स्वानसी म्हटलंस तर कोणी हसणार नाही, पण पाहुणी आहे हे लगेच कळेल."

गुरुदत्त मोठ्यानं हसला. तो जाईबाईंच्या मुलाच्या, धम्मदीपच्या ऑफिसातला. त्याच्या भाच्याचं वेल्समधल्या या गावी कॉन्व्होकेशन होतं. तो, बायको वैदेही आणि पंधरा वर्षांची मुलगी रुही अशी तिघंही निघाली होती. तिथं हातात दोन दिवस होते. गावाचं नाव ऐकल्यावर धम्मदीपनं त्यांना शनिवारी जेवायलाच बोलावलं होतं. "माझी आई एकोणीस वर्षं राहिलीय तिथे यार. तिलाच विचारा ना."

अमेरिकेत, प्लेनोला आल्यापासून जाईबाईंना कुणी काही विचारलं नव्हतं. जेवण झालं का, गोळी घेतली का, एवढंच. मुलगा आणि सून वाईट नव्हती, पण दोघं सकाळी गॅरेजमधून गाडी काढून जात आणि संध्याकाळी गॅरेजमधूनच घरात येत. सुरुवातीला जाईबाई रोज पायी फिरायला निघायच्या. तिसऱ्या दिवशी एक गाडी शेजारी येऊन थांबली. आतल्या गोऱ्या बाईनं काळजीनं विचारलं, तुम्ही रस्ता चुकलात का, कुणाला फोन करू का? इथं चालणारी म्हातारी म्हणजे हरवलेली म्हातारी, एवढं त्यांना कळलं. तेव्हापासून त्या घराच्या मागच्या अंगणातच फेऱ्या मारायच्या. अठ्ठावीस फेऱ्या.

"मार्केटात सकाळीच जा," त्या सांगू लागल्या. "तव्यावर वेल्श केक भाजतात, बेदाणे घातलेले. गरम असतानाच खायचे. आणि मम्बल्सला जाताना बसमध्ये वर, डाव्या हाताला बसा. समुद्र त्याच बाजूला आहे. उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचं. सगळे म्हणतात."

"आम्ही रेंटल कार घेतोय काकू," गुरुदत्त म्हणाला.

"असं होय. पण समुद्राची वेळ बघून जा. तिथला समुद्र दूरवर निघून जातो, नुसता चिखल राहतो. आणि मग..."

"कारवरून आठवलं," धम्मदीप म्हणाला, "इन्शुरन्स इथूनच घे हं, तिकडे एअरपोर्टवर लुटतात." मग बोलणं इन्शुरन्सवर गेलं, तिथून विमानाच्या सीटवर. सुनेनं, दीक्षानं पोळ्या वाढल्या. समुद्र परत कसा येतो ते सांगायचं राहून गेलं.

पुढचे चार दिवस दुपारी, घर रिकामं असताना, जाईबाई डायनिंग टेबलाशी बसून लिहीत होत्या. प्रिंटरमधले तीन कागद भरले. मजकूर मराठीत, ठिकाणांची नावं इंग्रजीत मोठ्या अक्षरांत. छत्री नेऊ नये, वाऱ्यानं उलटते, टोपीचा कोट न्यावा. किल्ला बाहेरून पाहिला तरी चालेल, पण आत गेलात तर जिना आहे तो चढावा. शेवाळाचा काळपट लगदा विकायला असतो, चव घ्यावी, रिकाम्या पोटी नको. हॉस्पिटलमागच्या बागेत जून-जुलैत गुलाब असतात, प्रवेशाला पैसे नाहीत.

तिसऱ्या कागदाच्या शेवटी त्यांनी एक पत्ता लिहिला. चढावरची गल्ली, एकतीस नंबर. खाली लिहिलं, 'इथे माझी मैत्रीण राहते, नेरिस. ऐकू कमी येते, तरी दार जोरात वाजवावे. मी पाठवले सांगा. चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही.'

जाईबाईंचे यजमान धर्मराज नागपूरच्या मेडिकल हॉस्पिटलमध्ये नर्स होते. पंचेचाळिशी उलटल्यावर त्यांना तिकडच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. मुलगा इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर राहिला आणि नवरा-बायको स्वॉन्झीला गेले. दोन महिन्यांनी जाईबाईंना त्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम मिळालं. तिथं चादरीच्या दुसऱ्या टोकाला नेरिस असायची. चादर घडी करायला दोघी लागतात. जाईबाईंना तेव्हा इंग्रजी बेताचं यायचं आणि नेरिसचं बोलणं अस्सल तिथलं, त्यामुळे पहिलं वर्ष दोघी एकमेकींना खुणेनंच समजावत. मग कळलं की नेरिस शेजारच्याच गल्लीत राहते. एकटी. लग्न केलं नव्हतं, भावंडं नव्हती. धर्मराज आजारी पडले तेव्हा तीच रोज संध्याकाळी सूप घेऊन यायची आणि न बोलता त्यांच्या पायाशी बसायची. ते गेल्यावर धम्मदीपनं सगळं आवरलं आणि आईला घेऊन आला. त्या निघाल्या तेव्हा नेरिस निरोपाला बसस्टॉपवर जाऊन थांबली होती. टॅक्सी बोलावली आहे हे तिला ऐकूच गेलं नव्हतं.

फोनवर तिला काही कळायचं नाही. म्हणून नाताळात कार्ड, मार्चमध्ये वाढदिवसाचं कार्ड. गेल्या नाताळात तिचं कार्ड आलं नाही. जानेवारीत जाईबाईंनी तिच्या घरचा नंबर लावला. नंबर बंद असल्याचं कुणीतरी रेकॉर्ड केलेल्या आवाजात सांगत होतं. कोड चुकला असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पुन्हा लावला नाही. धम्मदीपला काही बोलल्या नाहीत.

वैदेही कागद न्यायला आली तेव्हा दारातच होती, गाडी चालू ठेवून. "थँक्यू सो मच काकू! एवढं लिहिलंत!"

"शेवटचं वाच हं," जाईबाई म्हणाल्या. "बाकी राहिलं तरी चालेल. ते जमलं तर बघा."

ते तिकडं पोचल्यावर दोन दिवस धम्मदीपच्या फोनवर फोटो येत राहिले. काळ्या गाऊनमधला भाचा. आईस्क्रीम खाणारी रुही. किल्ल्यापुढे तिघं. जाईबाई फोटो बोटांनी मोठा करून माणसांच्या मागचं बघायच्या. "आई, काय शोधतेस?" धम्मदीपनं विचारलं. "काही नाही. तिथली बेकरी रंगवलेली दिसते."

एकतीस नंबरचा फोटो आला नाही.

परत आल्यावर पुढच्या शनिवारी दुपारी तिघं आली. वैदेहीनं वेल्श केकचं पाकीट जाईबाईंच्या हातात दिलं आणि त्यांच्याकडे न बघताच ती बोलू लागली. मार्केट काय मस्त होतं, पाऊस काय आडवा होता, गुलाब तर काय सांगू. गुरुदत्त नुसता मान हलवत होता.

"आणि नेरिस?" जाईबाईंनी विचारलं.

"हो, गेलो होतो ना." वैदेहीनं पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला. "पण घरी नव्हत्या हो त्या. शेजारचे म्हणाले, बहिणीकडे गेल्यात. चुकामूक झाली बघा."

"बहिणीकडे," जाईबाई म्हणाल्या.

"हो. पुढच्या महिन्यात येतील म्हणे."

"बरं. मी चहा टाकते."

किचनमध्ये त्यांनी पातेलं ठेवलं, पाणी ओतलं आणि गॅस लावायचा विसरून तशाच उभ्या राहिल्या. मागं कुणीतरी आलं. रुही होती. हात पाठीमागे धरले होते.

"आजी, आय नीड टू टेल यू समथिंग. मॉम मला नको म्हणाली, बट..."

"नेरिसला बहीण नाही गं," जाईबाई हळूच म्हणाल्या.

रुहीचे डोळे भरले. "यू न्यू?"

"कधी गेली?"

"लास्ट ऑक्टोबर. आता तिथे एक अंकल राहतात, त्यांचं छोटं बेबी आहे. मीच दार वाजवलं, खूप जोरात, तुम्ही लिहिलं होतं म्हणून. मॉमनं कारमध्ये सगळं वाचून दाखवलं होतं. बेबी उठलं आणि रडायला लागलं. आय फेल्ट सो बॅड."

"घरीच गेली?"

"हॉस्पिटलमध्ये. अंकलना एवढंच माहीत होतं. दे वेअर नाइस. आम्हाला आत बोलावलं." तिनं मागचे हात पुढं केले. दोन पाकिटं होती, न उघडलेली. पत्ता जाईबाईंच्याच अक्षरात होता. मागच्या बाजूला आपला पत्ता त्यांनी कधी लिहिला नव्हता. नेरिसला अक्षर ओळखू यायचं. "त्यांनी जपून ठेवली होती. कुणाला द्यायची ते कळत नव्हतं."

जाईबाईंनी पाकिटं घेतली. नाताळाचं आणि वाढदिवसाचं. मार्चमध्ये कार्ड निवडताना त्या दुकानात अर्धा तास उभ्या होत्या.

"काहून रडतेस गं," त्या रुहीला म्हणाल्या. "तू तर मोठं काम केलंस माझं. मला कुणी सांगतच नव्हतं." त्यांनी तिचं डोकं जवळ घेतलं. मग पाकिटं मसाल्यांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवली आणि गॅस पेटवला.

चहा घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा वैदेहीनं त्यांच्याकडे, मग रुहीच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "काकू, मला..."

"उन्हाळ्यात जातेच ती बहिणीकडे," जाईबाई तिच्या हातात कप देत म्हणाल्या. "मीच विसरले होते तुम्हाला सांगायला. साखर बघ गं, कमी असेल तर."

धम्मदीप गुरुदत्तला विचारत होता, तिकडे डाव्या बाजूनं ड्राइव्ह करायला त्रास झाला का. वैदेहीनं चहाचा कप दोन्ही हातांनी धरला आणि कितीतरी वेळ तो तोंडाला लावला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. महिन्यातून एकदा तासाभराच्या अंतरावर एका कम्युनिटी हॉलमध्ये बुद्धवंदना असे. पन्नास-साठ माणसं जमत. नागपूर, औरंगाबाद, नांदेड, मुंबई, सगळीकडची. पांढरी साडी नेसून जाईबाई दुसऱ्या ओळीत बसल्या. शेजारी धम्मदीप आणि दीक्षा. वंदना झाली. शेवटी गजभिये सर नेहमीप्रमाणे म्हणाले, या महिन्यात कुणाच्या घरी दुःखद घटना घडली असेल तर नाव सांगावं, आपण पुण्यानुमोदन करू. एकानं आत्याचं नाव सांगितलं. एका मुलीनं आजोबांचं. सरांनी ती कागदावर लिहून घेतली.

"अजून कुणी?"

जाईबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. धम्मदीपला वाटलं त्यांना बाहेर जायचंय. तो वाट देण्यासाठी सरकला.

"नेरिस प्राइस," त्या म्हणाल्या.

सरांचा पेन थांबला. "परत सांगता का मावशी?"

"नेरिस. ने, रि, स. प्राइस आडनाव."

धम्मदीपनं मान वर केली. आईचा चेहरा त्याला खालून नीट दिसत नव्हता. "आई?" तो पुटपुटला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"नात्यातल्या होत्या का?" गजभिये सरांनी अदबीनं विचारलं.

"आमच्या गावच्या," जाईबाई म्हणाल्या.

सरांनी लिहिलं. तिन्ही नावं वाचली, तिसरं थोडं अडखळत, पण बरोबर वाचलं. सगळे उठून उभे राहिले. दोन मिनिटं हॉलमध्ये फक्त एसीचा आवाज होता. मग साधु, साधु, साधु झालं, खुर्च्या सरकल्या, माणसं बसली. मागच्या बाजूला कुणीतरी पुलावाची झाकणं उघडू लागलं.

जाईबाई मात्र उभ्याच होत्या. धम्मदीप बसला होता तो पुन्हा उठला आणि काही न विचारता त्यांच्या शेजारी उभा राहिला.