आवाज बंद करून पाहिलेले हसू

मी एक जुना मोबाइल आहे आणि या घरात मी कुणालाही आवडत नाही. बिट्टीची आई मला चिमटीत धरून बाजूला ठेवते, जणू मी मेलेला उंदीर आहे. बाबा माझ्याकडे पाहून तोंड फिरवतात. मित्रांनो, निदान तुम्ही तरी माझे ऐकून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडले आणि माझा कॅमेरा मऊ कापडाने पुसला. दुकानदाराने माझी फार स्तुती केली. "ताई, याचा आवाज ऐका. शेजारच्या इमारतीत जाईल!" त्या आवाजाचा मला पुढे कितीतरी दिवस गर्व होता.

मला विकत घेतले ते बिट्टीच्या आत्याने. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती याच घरात राहते आणि घरीच कपडे शिवते. बाहीची नक्षी, गळ्याचे नमुने, सारे मीच टिपायचो. आईबाबा कामावर जात, म्हणून शाळा सुटली की बिट्टी आत्याच्या शिलाई मशीनजवळ अभ्यासाला बसे. दोघींचे तेव्हा चांगले मेतकूट जमले होते.

मग आजोबा वारले. माणसे खाली मान घालून बसली होती. बाबा पुढच्या तयारीसाठी बाहेर गेले होते. आत्या आपल्या वडिलांच्या उशाशी होती, मी तिच्या मुठीत. आणि आजोबांच्या पायाशी बसलेली बिट्टी एकाएकी हसली. गालातल्या गालात नव्हे, चांगली खदखदून.

आत्याने तिला दंडाला धरून आत ओढले.

"माझा बाप गेलाय आणि तू दात काढतेस?"

"आत्या, मी नाही हसले."

"मग कोण हसलं? भिंत?"

त्या दिवसापासून आत्याचे मन फाटले. शाळेतही तेच. एका मुलीचा गुडघा फुटला तेव्हा बिट्टी हसली. बाई फळ्यावर गणित सोडवत असताना हसली. "काय विनोद झाला तो आम्हालाही सांग," असे म्हणून बाईंनी तिला वर्गाबाहेर उभे केले. मुले तिला खिदळी म्हणू लागली. डबा खाताना तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली.

बाबांना मात्र यातले काही दिसत नसे. ते उशिरा घरी येत.

"माझ्यासमोर ती कधी हसत नाही," ते आत्याला म्हणाले. "तू तिच्यावर डूख धरलायस."

"डूख? थांब दादा, पुरावाच देते तुला!"

तो पुरावा मी होतो. दुसऱ्याच दिवशी बिट्टी हसू लागताच आत्याने मला तिच्या तोंडासमोर धरले. "हस! अजून हस! बघू दे तुझ्या बापाला." हसू थांबले तशी बिट्टी टेबलाची कड धरून म्हणाली, "आत्या, पोटात कसंतरी होतं आणि मग ते येतं. थांबवता येत नाही."

"ज्याला थांबायचं असेल तो थांबतो."

असे आणखी दोनदा झाले. आत्याने तिन्ही चित्रफिती बाबांना दाखवल्या. माझा आवाज सगळ्या घरात घुमला. बाबा लालबुंद झाले आणि म्हणाले, "हिला वसतिगृहाच्या शाळेत टाकायची. कडक शिस्तीच्या."

"नऊ वर्षांची आहे हो ती," आई म्हणाली.

"म्हणूनच. अजून वाकवता येईल."

बिट्टी दाराआड उभी होती. तिने आपली उशी उचलली आणि छातीशी घट्ट धरली.

त्या शाळेत प्रवेशाआधी मुलाची तपासणी लागे. आई आणि आत्या तिला मुलांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या. बाईंनी घसा पाहिला, छाती तपासली.

"तब्येत ठणठणीत आहे हो," आत्या म्हणाली. "खोड वेगळीच आहे. हे बघा."

डॉक्टरबाईंनी मला हातात घेतले. एक चित्रफीत पाहिली. मग त्यांनी माझा आवाज पूर्ण बंद केला आणि तीच पुन्हा लावली.

मित्रांनो, मला राग आला. माझ्या आवाजाचा असा अपमान कुणी केला नव्हता. पण आवाज गेल्यावर जे उरले ते फार वेगळे होते. तोंड हसत होते, पण डोळे हसत नव्हते. ते कोपऱ्यात खिळले होते आणि घाबरलेले होते. एक हात चाचपडत टेबलाची कड शोधत होता. बाईंनी दुसरी, तिसरी लावली. तेच डोळे, तोच हात, त्याच क्रमाने.

"खरं हसू दर वेळी वेगळं असतं," त्या म्हणाल्या. "हे एकच आहे, पुन्हा पुन्हा येणारं." मग त्या बिट्टीकडे वळल्या. "तुला तेव्हा गंमत वाटते का गं?"

"नाही. भीती वाटते."

हा प्रश्न तिला तोवर कुणीही विचारला नव्हता.

"ही हसत नाहीये," बाई म्हणाल्या. "ही फिट आहे."

"फिट?" आत्या उसळली. "फिटमध्ये माणूस पडतो, हातपाय झाडतो. तुम्ही उगाच पोरीची बाजू घेऊ नका."

"तशीही असते, अशीही असते. मेंदूत गडबड कुठे होते त्यावर ते ठरतं."

मोठ्या इस्पितळात बिट्टीच्या डोक्याला तारा लावून आलेख काढला. त्यात काही दिसले नाही. "बघा!" आत्या म्हणाली. पण तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की खोलवरची गडबड वरच्या तारांना कळेलच असे नाही. मग चुंबकाच्या यंत्रात तिच्या मेंदूची चित्रे काढली. तिथे मला प्रवेश नव्हता. मी किल्ल्यांबरोबर कपाटात पडून होतो.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी गाठ निघाली. ती जन्मापासूनच होती. "कॅन्सर नाही, पसरणारी नाही," डॉक्टर म्हणाले, "पण बसलीये वाईट जागी. फिट तिथूनच येतात." औषधांनी बिट्टी पेंगुळली, पण फिट थांबल्या नाहीत. तेव्हा कवटीला लहानसे छिद्र पाडून, बारीक नळी आत नेऊन, लेझरच्या उष्णतेने गाठ जाळायचे ठरले.

ती आत गेली आणि बाहेर भांडण पेटले.

"वन्सं, पोरगी भीतीने गारठत होती आणि तुम्ही तिचा सिनेमा काढत होतात!" आई म्हणाली.

"तो सिनेमा नसता तर ती आज वसतिगृहात असती, वहिनी!"

"आणि तिला तिथे धाडायची वेळ कुणी आणली?"

आईने मला हिसकावले आणि फरशीवर आपटले. माझी काच तेव्हाच तडकली. बाबा खिडकीबाहेर पाहत राहिले. दोघींचे म्हणणे खरे होते, म्हणूनच भांडण मिटेना.

गाठ जाळली आणि ते हसू थांबले. तपासण्या आणि औषधे चालू राहिली. पुन्हा काही दिसले तर मोबाइलवर टिपून ठेवा, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण घरातली धुसफूस थांबली नाही. बिट्टी आत्याशी बोलेना.

"मला काय माहीत होतं गं?" आत्या एकदा म्हणाली.

"मी सांगत होते."

बिट्टी आता हसायलाच भिऊ लागली. हसू आले की ओठ दाताखाली दाबायची. तिचे तोंड जरा हलले, तरी सारे घर जागच्या जागी थिजायचे.

परवा आत्या रागारागात मशीन चालवत होती. त्या नादात गिऱ्हाइकाच्या बाहीबरोबर तिने स्वतःच्या ओढणीचे टोकही शिवून टाकले. ती तरातरा उठली, तशी बाही, कात्री आणि दोऱ्याचे रीळ सगळेच तिच्यामागे निघाले. बिट्टी हसली. बाबा तोंडाला साबण तसाच ठेवून धावत आले. आई दारात उभी राहिली. आत्याने मला उचलून बिट्टीसमोर धरले.

माझ्या तडकलेल्या काचेतून मी पाहिले. बिट्टीचे डोळे त्या ओढणीवर होते आणि तेही हसत होते.

"आत्या, फोन ठेव," ती म्हणाली. "हे माझं हसू आहे. आणि मी अजून रागावलेली आहे तुझ्यावर."

आत्याने मला पालथे ठेवले. हसू चालूच होते. त्यातले मी काहीही टिपले नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी भलत्या वेळी हसत असेल, कुणी मध्येच टक लावून थांबत असेल, तर त्याला नाव ठेवण्याआधी विचारा, तुला तेव्हा कसं वाटतं? जे सांगेल ते खरे धरा आणि मोठ्या माणसाला सांगा. त्याने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा. राग काढायचाच असेल तर माझ्यावर काढा. माझी काच बदलून मिळते.